परदेशची पदवी आणि घरची उमेदवारी

(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या सभेतील भाषण)



ज्युबिलीच्या या मंगलप्रसंगी मागील पिढ्यांचे कार्य आठवावे, हे उचितच होय. तथापि आज आम्ही आपले लक्ष पुढील पिढीच्या एका अडचणीकडे वेधू इच्छितो. ज्या घरी ही अडचण येते, त्या घरची माणसे ती झाकून ठेवतात. यास्तव तिच्याविषयी चारचौघांत बोलणे आम्हांस अगत्याचे वाटते.

आपली मुले, आणि त्यांतही मुली, अलीकडे मानसशास्त्राकडे वळत आहेत. एखादी मुलगी कर्ज काढून इंग्लंडास जाते, वर्षभरात एम.एससी. होऊन नागपुरास परतते, आणि मग तिला कळते की, या पदवीच्या बळावर चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ, म्हणजे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणून काम करण्याची आपणांस मुभा नाही. पुन्हा अर्ज, पुन्हा प्रवेशपरीक्षा, पुन्हा दोन वर्षे! इकडे बँकेचा हप्ता सुरू झालेला असतो, आणि तिकडे शेजारी विचारतात, "काय हो, शिकून आली ना पोरगी? मग दवाखाना कधी उघडते?" या एका प्रश्नाच्या भीतीने रविवारच्या मिस्सेनंतर कोणाशी न बोलता मागल्या दाराने निघून जाणारी मुले आम्ही पाहिली आहेत.

बंधूंनो, यात त्या मुलीची नालायकी नाही. परदेशी पदवीची अवहेलनाही नाही. चिकित्सा-मानसशास्त्र ही केवळ विद्या नव्हे. तो रोग्याच्या सान्निध्यात शिकावयाचा व्यवसाय आहे. आपल्या देशात 1992 च्या कायद्यान्वये भारतीय पुनर्वास परिषदेकडे नाव नोंदविल्यावाचून तो करता येत नाही. केल्यास कारावास वा दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितली आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 यानेही परिषदेस मान्य असलेली पात्रता व देखरेखीखालील प्रत्यक्ष शिक्षण यांवरच भर दिला आहे. इंग्लंडातही निराळे नाही. तेथे नुसत्या एम.एससी.वर कोणासही हे बिरुद लावता येत नाही. त्यासाठी तीन वर्षांची डॉक्टरेट व सरकारमान्य नोंदवहीत नाव लागते. म्हणजे जी पदवी त्या देशातही या व्यवसायाचे दार उघडीत नाही, ती येथे उघडील अशी आशा आपण धरली होती, एवढेच.

आता या शास्त्राचा उगम पाहा. ज्या फिलाडेल्फिया नगरीत 1886 साली आपल्या आनंदीबाई जोशी यांनी वैद्यकाची पदवी मिळविली, त्याच नगरीत दहा वर्षांनी, 1896 साली, लाइटनर विटमर या प्राध्यापकाने पहिले मानसशास्त्रीय चिकित्सालय काढले. हा गृहस्थही परदेशी शिकून आला होता. जर्मनीत लाइपझिग येथे वुंट या महापंडिताच्या हाताखाली त्याने डॉक्टरेट मिळविली होती. परंतु चिकित्सालय काही तो लाइपझिगहून घेऊन आला नाही. शब्दांचे वर्णलेखन काही केल्या न जमणारा एक शाळकरी मुलगा त्याच्या शिक्षिकेने त्याच्यापुढे आणून उभा केला, आणि त्या मुलापाशी बसूनच नवे शास्त्र जन्मास आले. आपल्या देशातही 1916 साली कलकत्ता विद्यापीठात मानसशास्त्राचा पहिला विभाग सुरू झाला, तो हार्वर्डहून शिकून आलेल्या डॉ. एन. एन. सेनगुप्ता यांच्या नेतृत्वाखाली. मात्र चिकित्सा-मानसशास्त्राचे रीतसर शिक्षण सुरू व्हावयास 1955 साल उजाडावे लागले, आणि ते सुरू झाले बंगलोरच्या मानसिक आरोग्य संस्थेत, जेथे रोगी होते. यावरून एवढेच दिसते की, विद्या दुरून आणता येते, परंतु हात बसावयास घरची माणसेच लागतात.

ते का, हे सांगावयास नको. उमरेडचा शेतकरी "मला नैराश्य आले आहे" असे म्हणत नाही; "जीव लागत नाही", "डोकं भणभणते" असे म्हणतो. भंडाऱ्याची सून आपले दुःख पोटदुखीच्या रूपाने सांगते. लंडनच्या पुस्तकात हे बोल नाहीत. आपल्या नागपूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयासारख्या ठिकाणी, अनुभवी गुरूच्या नजरेखाली, एकेका रोग्यापाशी तास-तास बसल्यावाचून ते कानाला उमगत नाहीत. म्हणून ही दोन वर्षे म्हणजे अधोगती नव्हे. सुताराच्या, वैद्याच्या, किंबहुना धर्मगुरूच्याही वाट्यास येते तीच ही उमेदवारी होय. सेमिनरी हिलवर जाणारा तरुण पदवीधर असला, तरी त्याची तेथील वर्षे कोणी कमी करीत नाही!

आता व्यवहाराच्या चार गोष्टी सांगतो.

पहिली: जाण्यापूर्वीच विचारावे. जी पदवी घ्यावयाची तिच्यानंतर येथे कोणत्या अभ्यासक्रमास प्रवेश मिळेल, हे परिषदेच्या मान्यताप्राप्त संस्थांच्या यादीवरून व त्या संस्थांच्या माहितीपत्रकांवरून पाहावे; दलालाच्या शब्दावरून नव्हे.

दुसरी: पदवीची समकक्षता ही एक बाब आणि व्यवसायाची नोंदणी ही दुसरी. समकक्षतेसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने 2025 साली नवे नियम केले आहेत. परंतु समकक्षतेचा दाखला हाती आला म्हणजे परवाना मिळाला, असे समजू नये.

तिसरी: परदेश सोडण्यापूर्वी गुणपत्रके, प्रत्येक विषयाचा तपशीलवार अभ्यासक्रम, प्रत्यक्ष कामाच्या तासांचा सहीशिक्क्याचा दाखला, आणि प्राध्यापकांची शिफारसपत्रे घेऊन ठेवावीत. सातासमुद्रापलीकडून एक कागद मागविताना प्रवेशाची मुदत टळून जाते.

चौथी: जुन्या माहितीवर विसंबू नये. दोन वर्षांचा एम.फिल. हा इतकी वर्षे या व्यवसायाचा राजमार्ग होता. आयोगाच्या 2022 च्या नियमांनी एम.फिल. बंद झाले, या विषयापुरती मुदत 2025-26 च्या सत्रापर्यंत वाढविण्यात आली, आणि परिषदेने नवे अभ्यासक्रम आखले. तेव्हा वडील भावाने जी वाट धरली, ती धाकटीस मिळेलच असे नाही.

आणि अर्जात काय लिहावे? पुष्कळ मुले परदेशच्या विद्यापीठाची थोरवीच लिहितात. ती निवडणाऱ्यांस ठाऊक असते. तेथे काय पाहिले, कोणत्या प्रकारच्या रोग्यांत काम केले, आणि येथे अजून काय शिकावयाचे राहिले आहे, हे साध्या शब्दांत लिहावे. जो आपली उणीव नेमकी सांगू शकतो, तोच शिकविण्याजोगा विद्यार्थी.

बंधुभगिनींनो, या मुलांची गरज किती आहे? 2015-16 साली 12 राज्यांत झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, आपले शेजारी मध्य प्रदेश व छत्तीसगड त्यांत होते, प्रौढांपैकी 10.6 टक्के लोक मानसिक विकाराने ग्रस्त आढळले; आणि निरनिराळ्या विकारांत 70 ते 92 टक्के रोग्यांस उपचार मिळत नव्हते. आम्हां धर्मगुरूंकडे असे पुष्कळ जण येतात. आम्ही त्यांचे ऐकतो, त्यांच्यासाठी प्रार्थना करतो. परंतु ज्याच्या कानी नसलेले आवाज येतात, त्यास केवळ आशीर्वाद देऊन परत पाठविणे हा अपराध होईल. त्यास कोणाकडे पाठवावे, या प्रश्नास उत्तर हवे. आणि ते उत्तर म्हणजे हीच मुले.

म्हणून आमची विनंती एवढीच. ज्या घरची मुलगी परतून पुन्हा परीक्षेस बसली आहे, त्या घरी "अजून शिकतेच का?" असे विचारू नका. "कोणत्या रुग्णालयात शिकणार?" असे विचारा. जमल्यास ज्युबिली निधीतून प्रतिवर्षी एका विद्यार्थ्याच्या या दोन वर्षांच्या शुल्कास हातभार लावावा, असा प्रस्ताव आम्ही या सभेपुढे ठेवतो. तो संमत कराल, अशी आशा बाळगून आम्ही आपली रजा घेतो.