मक्याच्या पोंग्यात वाकून बघा
(ग्रामसंघाच्या मासिक सभेत कृषी सखीने केलेले भाषण)

हप्त्याचं नंतर बोलू, आधी मक्याचं. आपल्यातल्या कितीतरी जणींचा हप्ता मक्यावरच फिटतो.

लष्करी अळी मूळची अमेरिकेतली. भारतात २०१८ साली पहिल्यांदा कर्नाटकात सापडली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात आली. तिचा पतंग वाऱ्यावर एका रात्रीत शंभर किलोमीटर जाऊ शकतो. त्यामुळं शेजारणीच्या रानातनं आली म्हणून भांडू नका. अळीच्या डोक्यावर उलटा वाय आणि शेपटीकडं चौकोनात चार काळे ठिपके दिसले, की तीच.

२०१९ ला माझ्या मक्याच्या पानांवर भोकं दिसली. म्हटलं, पाऊस झाला की सावरेल. तुरा दिसायला लागल्यावर गटातनं पैसे उचलून औषध मारलं. तोवर अळी मोठी होऊन आत बसलेली, वर तिच्याच विष्ठेचा भुसा. औषध पोचलंच नाही. ते कर्ज शेवटी शेळी विकून फेडलं.

तेव्हा कळलं ते सांगते. पानाला भोकं पडली म्हणजे पीक गेलं असं नाही. आतला कोंब शाबूत असला तर नवी पानं येतात, झाड सावरतं. उतारा घटतो तो कोंबच मेला, तुरा खाल्ला किंवा अळी कणसात शिरली तर. कणसात शिरली की दाणे जातात, वर बुरशी धरते आणि व्यापारी भाव पाडतो तो वेगळाच.

म्हणून उगवल्यापासून आठवड्यातनं दोनदा, सकाळी, रानात पाच जागी वीस-वीस झाडं बघा. पानामागं केसाळ अंडीपुंज दिसला की तिथंच चिरडा, एकात शंभर-दोनशे अंडी असतात. पहिल्या तीन-चार आठवड्यांत शंभरात पाच झाडांवर ताजं नुकसान दिसलं की पाच टक्के निंबोळी अर्क फवारा. पाच किलो निंबोळीची भरड रात्रभर दहा लिटर पाण्यात भिजवायची, सकाळी गाळून शंभर लिटर करायचं. फवारा पोंग्यात पडला पाहिजे, नुसता पानांवरनं ओघळून उपयोग नाही. पुढं शंभरात दहाच्या वर गेलं तरच दुकानातलं औषध, तेही कृषी सहायकांना विचारून. तुरा आल्यावर फवारणीवर पैसा घालू नका, अळ्या हातानं वेचा.

आणि एक. वैरण आपणच कापतो. औषध मारलेला मका डब्यावरचे दिवस संपल्याशिवाय गाईपुढं टाकू नका. घरात कुणी फवारलं, कधी फवारलं, हे विचारायला लाजू नका.

सध्या लिंबाखाली निंबोळ्यांचा सडा पडलाय. गोळा करून सावलीत वाळवा, रब्बीच्या मक्याला लागतील. मंगळवारी सकाळी सातला माझ्या वावरात या, झाडं कशी मोजायची ते दाखवते.