बोटानं लिहा, मोबाईल वाचतो
(प्रभाग संघाच्या मासिक सभेतील भाषण)



मी गटाची सचिव. इतिवृत्त वहीत लिहिते, पण ग्रुपवर टाकायचं तर लेकाची वाट बघायची. कीबोर्डवर जोडाक्षर सापडायचं नाही. एकदा लेक परगावी होता, तर एका ताईची कर्जमागणी दोन दिवस माझ्याकडेच अडकली. फार वाईट वाटलं.

मग कळलं, अँड्रॉइड मोबाईलच्या गूगल कीबोर्डमध्ये हस्तलेखनाची सोय आहे. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये भाषा, त्यात मराठी, त्यात हस्तलेखन निवडायचं. रिकामी चौकट येते. तिच्यात बोटानं लिहा, अक्षरं छापील होऊन उमटतात.

हे एका दिवसात झालेलं नाही, बरं का. १९९३ साली अ‍ॅपल कंपनीनं ‘न्यूटन’ नावाचं पेनानं लिहायचं यंत्र काढलं. ते शब्द चुकीचे वाचायचं, लोक हसायचे. १९९६ च्या ‘पाम पायलट’साठी तर माणसालाच वेगळ्या वळणाची अक्षरं शिकावी लागली. आता यंत्रच आपलं अक्षर ओळखायला शिकलंय.

बोट कसं फिरलं, यावरून ते अक्षर ओळखतं. म्हणून मोठं आणि सुटसुटीत लिहा. चुकलं तर पुसून पुन्हा लिहा. रक्कम मात्र पाठवण्याआधी दोनदा वाचा. एक शून्य वाढलं की पाचशेचे पाच हजार होतात!

वहीत लिहिता येतं ना? मग मोबाईलवरही येईल. पुढच्या सभेआधी प्रत्येकीनं आपलं नाव स्वतः लिहून ग्रुपवर पाठवायचं. लेकाला, नातवाला सांगायचं नाही. कबूल?