जुनी खिडकी आणि घरांतील ऊब
(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या सभेंतील भाषण)



ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं जुन्या वास्तूंच्या जतनाविषयीं मीं दोन शब्द बोलावेत, अशी मंडळाची इच्छा आहे. जुन्या वास्तूचा विषय निघाला, कीं आपल्या तोंडीं पहिलें वाक्य येतें तें हें : ‘जुनें काढा, नवें बसवा.’ या वाक्याची पारख मी आज एका लहानशा वस्तूवरून करणार आहें. ती वस्तु म्हणजे खिडकी. आणि ती आहे दूर स्कॉटलंडांतील एडिंबरो शहरीं.

त्या शहराचा ‘न्यू टाऊन’ नांवाचा भाग जेम्स क्रेग याच्या १७६७ सालच्या आराखड्यावरून वसूं लागला. १९९५ सालीं शेजारच्या ‘ओल्ड टाऊन’सह त्याची गणना जागतिक वारशांत झाली. तेथील पुष्कळशीं जुनीं घरें कायद्यानें संरक्षित आहेत. त्यांचें रूप पालटावयाचें तर आधीं परवानगी लागते. खिडकीला काचेचे दोन पल्ले, एक वर व एक खालीं. चौकटीच्या पोटांत दोरीला टांगलेलीं वजनें असतात आणि त्यांच्या तोलानें पल्ले अलगद सरकतात. जेथें मूळची काच टिकली आहे, तेथें ती हातानें केलेली असल्यामुळें किंचित लहरदार दिसते.

परंतु या सौंदर्याला एक कडू बाजू आहे. एकेरी काचेंतून घरांतील ऊब बाहेर जाते आणि फटींतून बोचरा वारा आंत येतो. रस्त्याची शोभा राखण्यासाठीं एखाद्या वृद्धेनें हिंवाळाभर कुडकुडत बसावें, असें म्हणणें निर्दयपणाचें होईल. तेव्हां ‘नवें बसवा’ म्हणणारांचा पक्ष अगदींच पोकळ नाहीं.

मग मार्ग कोणता? ‘हिस्टॉरिक स्कॉटलंड’ या तत्कालीन सरकारी संस्थेसाठीं ग्लासगो कॅलेडोनियन विद्यापीठानें अशा खिडकीची परीक्षा केली. तिचा वृत्तांत २००८ सालीं प्रसिद्ध झाला. जाड पडदा ओढल्यानें काचेंतून जाणारी उष्णता शेंकडा १४ नें घटली. आंतल्या बाजूच्या जुन्या लांकडी झडपा लावल्यानें ती शेंकडा ५१ नें घटली. खिडकीच्या आंतून काचेची दुसरी चौकट बसविली, तेव्हां घट शेंकडा ६३ झाली. आणि ही चौकट व झडपा मिळून शेंकडा ७५ झाली. पल्ल्यांच्या कडांना पट्ट्या लावून फटी बुजविल्या, तेव्हां वाऱ्याची गळती शेंकडा ८६ नें कमी झाली.

पाहा, यांतील एकाही उपायानें मूळ खिडकी मोडावी लागली नाहीं! निम्मी ऊब राखणाऱ्या झडपा तर पूर्वजांनींच करून ठेविल्या होत्या. पुढें कित्येक घरांत रंगाचे थर चढून त्या भिंतीला चिकटून बसल्या, इतकेंच.

कामाचा क्रमहि साधा आहे. प्रथम सुतारानें कुजलेलें लांकूड तेवढें बदलावें व दोऱ्या नव्या घालाव्या. मग फटी बुजवाव्या, आणि शेवटीं आंतली चौकट लावावी. ती मात्र घट्ट बसावी व बाहेरची खिडकी थोडी श्वास घेणारी असावी. नाहीं तर दोहोंमध्यें दंव सांचून लांकूड कुजतें. खोलींत हवा खेळती ठेवणेंहि तितकेंच अगत्याचें.

आतां दुहेरी काचेची नवी खिडकी घेतली, तर ऊब राहते हें खरें. परंतु तिच्या दोन काचांमधील सांधा निकामी झाला, कीं आंत धुकें धरतें. मग ती काचेची जोडी टाकूनच द्यावी लागते. जुन्या खिडकीचा प्रत्येक भाग सुटा करून दुरुस्त करतां येतो. शिवाय आंतून लावलेली चौकट उद्यां काढतां येते. फोडलेली जुनी काच मात्र परत येत नाहीं.

बंधुभगिनींनो, आपल्याकडे तशी थंडी नाहीं; येथें खिडक्यांचा वैरी पाऊस आहे. तरी त्या घरांनीं शिकविलेला नियम आपल्यालाहि लागू पडतो : राहणाराचें दुःख आधीं दूर करावें, पण तें अशा रीतीनें, कीं पुढच्या पिढीचा हक्क बुडूं नये. आपण या वास्तूंचे धनी नाहीं, कारभारी आहों. म्हणून ‘काढा’ म्हणण्यापूर्वीं एकदां चांगल्या सुताराला बोलवा, एवढी विनंति करून मी आपली रजा घेतों.