समुद्रापासून सर्वांत लांब

ब्रिटन हे बेट. तिथे समुद्र टाळून राहायचे ठरवले, तर किती लांब जाता येईल? फार तर 113 किलोमीटर. ती जागा डर्बीशरच्या दक्षिण टोकाला, कोटन-इन-द-एल्म्स गावाजवळच्या शेतात आहे. समुद्राला पारखी असलेली ही काउंटी मला मात्र पाण्यावरूनच कळते.

तिच्या डोंगराळ उत्तर भागात दोन दगड शेजारी नांदतात. एक पांढरट चुनखडी. ती पाणी पिऊन टाकते. लॅथकिल नदी उन्हाळ्यात वरच्या अंगाला कोरडी पडते. पाणी जमिनीखालून वाट काढते. अशा मुलखात न आटणाऱ्या झऱ्याचे मोल काय असते, ते टिसिंग्टन गावात पाहावे. येशूच्या स्वर्गारोहणाच्या सणाला तिथे झरे सजवतात. लाकडी फळ्या आधी भिजवायच्या, त्यांवर मीठ घालून मळलेली माती थापायची, चित्राच्या रेघा टोचून घ्यायच्या आणि एकेक पाकळी बोटाने दाबून बसवायची. सुरुवात खालून. वरची पाकळी खालचीवर कौलासारखी चढती हवी, म्हणजे पाऊस ओघळून जातो. इंग्लंडच्या पावसाचा काय भरवसा! चित्रे बहुधा बायबलमधली, आठवडाभरात सुकतात.

दुसरा दगड काळपट, खरबरीत. पूर्वी त्याची गिरणीची जाती घडवत. तो पाणी जिरू देत नाही, म्हणून 636 मीटर उंच किंडर स्काउटच्या माथ्यावरसुद्धा पाय चिखलात रुततात. हा माळ जमीनदारांनी पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखला होता. 1932 मध्ये बेनी रॉथमन हा तरुण आणि त्याचे सोबती मोकळेपणी फिरण्याचा हक्क मागत मुद्दाम तिथे घुसले. पाच जण तुरुंगात गेले. 1951 मध्ये पीक डिस्ट्रिक्ट हा डोंगराळ मुलूख ब्रिटनचे पहिले राष्ट्रीय उद्यान झाला, आणि किंडर त्याच्या हद्दीत आला.

क्रॉमफर्ड गावात आर्कराइट या उद्योजकाने 1771 मध्ये सूतगिरणी उभारली, तीही पाणी बघूनच. शिशाच्या खाणीतून वाहून येणारे कोमट पाणी हिवाळ्यात गोठत नसे.

आणि डर्बीशरचे पाणी पिते कोण? डर्वेंट खोऱ्यातल्या धरणांतून ते डर्बीबरोबर शेफील्ड, नॉटिंगहॅम, लेस्टरलाही गेले. लेडीबावर धरणात डर्वेंट आणि ॲशॉप्टन ही गावे बुडाली. डर्वेंटच्या दफनभूमीतली प्रेते उकरून बॅमफर्डला नेऊन पुरली. दुष्काळात तळ उघडा पडला की त्या गावचे पडके दगड पाहायला झुंबड उडते, आणि गाळात रुतू नका म्हणून लोकांना बजावावे लागते.