माग कोणता आणि कोणाचा?
(रामटेक येथे कार्यकर्त्यांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



विणकाम शिकू इच्छिणारा तरुण प्रथम मागाची किंमत विचारतो. प्रश्न रास्त आहे, पण अपुरा आहे. रामटेक ज्या नागपूर-भंडारा पट्ट्यात आहे, तेथील कोष्टी विणकरांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या माग होता. तरीही सूत व्यापाऱ्याचे, कापडही त्याचेच आणि विणकराच्या वाट्याला केवळ मजुरी, अशी अनेकांची स्थिती राहिली. १८७७ साली नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली, पुढे यंत्रमाग आले आणि ती मजुरीही आकसत गेली.

याचा अर्थ मागाची निवड गौण आहे, असा नव्हे. खड्डामागाला लाकूड कमी लागते. जमिनीलगतच्या ओलाव्यामुळे विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात सुती धागा कमी तुटतो. परंतु पावसाळ्यात खड्ड्यात पाणी झिरपते आणि भाड्याच्या घरात खड्डा खणता येत नाही. चौकटीचा माग महाग पडतो. मात्र तो सोडून दुसरीकडे नेता येतो, म्हणून सहकारी संस्थेच्या शेडला तोच सोयीचा. दोरी ओढून धोटा धाडण्याच्या युक्तीने साधे कापड झपाट्याने निघते. करवतकाठी टसर पातळाचे अंग व दोन्ही काठ मात्र तीन वेगळ्या धोट्यांनी, एकमेकांत गुंतवीत विणावे लागतात. तेथे हाताचे कसबच हवे. नवशिक्याने आरंभ पंचा, टॉवेल अशा साध्या विणीपासून करावा.

आणखी एक गोष्ट. माग चालण्यापूर्वी कांड्या भरणे, ताणा करणे, खळ देणे, फणीतून धागे ओवणे ही कामे असतात. ती बहुधा घरातील स्त्रिया करतात आणि मजुरीच्या हिशेबात त्यांचे नाव नसते. माग एकाचा, राबणारे सारे कुटुंब! जी संस्था या श्रमाचे मोल मांडत नाही, तिला सहकारी म्हणवून घेण्याचा अधिकार नाही.

शासनाची पाठराखण कमी होत गेली आहे. १९८५ च्या कायद्याखाली हातमागासाठी राखून ठेवलेले कापडाचे २२ प्रकार पुढे ११ वर आले. २०२० साली अखिल भारतीय हातमाग मंडळच बरखास्त झाले. राखीव प्रकारांची नक्कल यंत्रमागावर होते, ती रोखण्यासाठी लढा आवश्यकच आहे. पण केवळ मागण्यांच्या निवेदनांनी ताणा चढत नाही.

म्हणून कार्यकर्त्यांनी क्रम उलटावा. आधी संस्थेच्या भांडवलातून सूत घ्यावे. मग ग्राहक संस्था, वसतिगृहे यांच्याकडून मालाची मागणी निश्चित करावी आणि त्यानंतर माग बसवावा. माग विणकराचा असणे पुरेसे नाही; त्यावरील सूतही त्याचे असले पाहिजे. तेव्हाच तो मजूर न राहता उत्पादक होईल.