दूरसंचार सेवेची बदलती वाट



बेळगाव जिल्ह्यातील कित्तूर हे गाव राणी चन्नम्मांच्या १८२४ सालच्या लढ्यामुळे इतिहासात अजरामर झाले. दूरसंचाराच्या इतिहासातही त्यास मानाचे स्थान आहे. जुलै १९८६ मध्ये देशी बनावटीचे पहिले ग्रामीण स्वयंचलित दूरध्वनी केंद्र तेथे कार्यान्वित झाले. शंभराच्या आत ग्राहकांना पुरेल एवढेच ते केंद्र. परंतु खेड्यातील ऊन आणि धूळ सोसून, वातानुकूलित खोलीवाचून चालावे, अशीच त्याची रचना होती. ऑगस्ट १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या संस्थेने ते सिद्ध केले होते. गावाने यंत्रासाठी बदलावे असे न म्हणता यंत्रच गावाच्या परिस्थितीनुरूप घडविले गेले.

त्या काळी दूरध्वनीच्या जोडणीसाठी वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. घरोघरी यंत्र देणे शक्य नव्हते, म्हणून ते नाक्यानाक्यावर आले. एसटीडी बूथ चालविणाऱ्यास कमिशन मिळू लागले, अनेक अपंग व्यक्तींना उपजीविकेचे साधन लाभले आणि वेगळा नोकरवर्ग न नेमता सेवेचा विस्तार झाला.

३१ जुलै १९९५ रोजी कलकत्ता व दिल्ली यांच्यामध्ये भ्रमणध्वनीवरून पहिले संभाषण झाले. आरंभी येणाऱ्या फोनसाठीही पैसे मोजावे लागत; साहजिकच ही सेवा धनिकांपुरती मर्यादित राहिली. १९९९ च्या धोरणाने ठराविक परवाना शुल्काऐवजी उत्पन्नातील हिस्सा घेण्याची पद्धत आणली. मे २००३ पासून येणारा फोन विनामूल्य झाला. थोड्या ग्राहकांकडून मोठी रक्कम घेण्याऐवजी असंख्य ग्राहकांकडून थोडी थोडी रक्कम घेणे कंपन्यांनाही किफायतशीर ठरले. एकाच मनोऱ्यावर अनेक कंपन्यांची यंत्रणा बसवून खर्चही वाटून घेण्यात आला. २०१६ नंतर तर बोलण्याचे मोल नाममात्र झाले आणि इंटरनेट हेच उत्पन्नाचे मुख्य साधन बनले.

या परिवर्तनाची किंमतही मोजावी लागली. बूथ ओस पडले. जुलै २०१३ मध्ये तारसेवा बंद झाली. जानेवारी २०२० अखेर भारत संचार निगमचे सुमारे ७८ हजार कर्मचारी स्वेच्छेने निवृत्त झाले.

नफ्याच्या हिशेबात डोंगराळ व विरळ वस्तीची गावे बसत नाहीत. त्यांच्यासाठी १ एप्रिल २००२ पासून कंपन्यांच्या समायोजित उत्पन्नाचा ५ टक्के भाग वेगळ्या निधीसाठी घेतला जातो. त्यालाच आता ‘डिजिटल भारत निधी’ हे नाव मिळाले आहे.

तथापि एक प्रश्न उरतोच. साधा फोन बाळगणाऱ्या, मुलाबाळांची खुशाली तेवढी ऐकू इच्छिणाऱ्या वृद्धाने न वापरलेल्या इंटरनेटचे पैसे का भरावेत? डिसेंबर २०२४ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने केवळ संभाषण व संदेश यांसाठी स्वतंत्र योजना ठेवणे कंपन्यांवर बंधनकारक केले. तसेच, आपला क्रमांक कायम ठेवून कंपनी बदलण्याची सोय २० जानेवारी २०११ पासून देशभर उपलब्ध आहे. अशा सोयींची माहिती ज्यांना त्यांची सर्वाधिक गरज आहे, त्यांच्यापर्यंतच बहुधा पोहोचत नाही. शिक्षक, ग्रामसेवक व सुशिक्षित तरुण यांनी ती घरोघरी पोहोचवावी.

काळानुरूप बदलणे हा व्यवसायाचा धर्मच आहे. पण तो बदल शेवटच्या घरातील माणसाला परवडतो की नाही, यावरच त्याचे यशापयश ठरणार आहे.