आधी टाकीचे झाकण, मग इंजिन
(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून कापसाचा भाव आणि ज्वारीची खरेदी यावर बोलणे झाले. आता जेवणाच्या आधी आम्ही एका वेगळ्या खर्चावर बोलणार आहोत. बाहेर मैदानात आपल्या पिकअप उभ्या आहेत. नवी करकरीत त्यात एखादीच असेल. बाकीच्या दुसऱ्या-तिसऱ्या हातच्या, कुठे दोन भावांत घेतलेल्या, कुठे सोने गहाण ठेवून. त्यातली एक आज ढकलून चालू करावी लागली, हे आम्ही आमच्या डोळ्यांनी पाहिले. बियाण्याचा, खताचा, फवारणीचा खर्च आपण वहीत मांडतो. गाडी बिघडली की जाणारा पैसा मात्र ‘नशीब’ या खात्यात टाकतो. तो नशिबाचा नसतो. त्यातला बराचसा न पाहता पाना लावल्याचा असतो.

आमच्यावरच आलेला प्रसंग सांगतो. २०१८ सालची दिवाळी झाली होती. आमच्या गटातल्या एका शेतकऱ्याची जुनी डिझेल पिकअप राळेगावहून कापूस भरून हिंगणघाटच्या बाजाराला निघाली. आम्ही सोबत होतो. वाटेत गाडी ओढेनाशी झाली, दोन आचके दिले आणि बंद पडली. पंधरा मिनिटांनी सेल मारला तर चालू! पुन्हा काही अंतर गेली, पुन्हा बंद. बाजारात पोचलो तेव्हा त्या दिवसाची बोली संपली होती.

परतल्यावर गाडी गॅरेजला लावली. मिस्त्री म्हणाला, “पंप गेला.” आम्ही मान डोलावली. पंप उतरला, नोझल बदलले. सहा दिवस गाडी उभी आणि बिल साडेअठरा हजार. गव्हाच्या खतासाठी ठेवलेले पैसे त्यात गेले. मिस्त्रीने रिकामी गाडी दोन किलोमीटर फिरवून दाखवली, झकास चालली. पुढच्या खेपेला कापूस भरला आणि तोच आजार परत.

त्या दिवशी शेतकऱ्याची आई केबिनमध्ये बसली होती. ती म्हणाली, “टाकीचं झाकण तं काढून पाहा ना बापा. फवारणीच्या पंपाच्या झाकणाचं भोक बुजलं का असंच होते.”

झाकण फिरवले. ‘फस्स’ करून हवा आत शिरली. झाकणाला हवा आत घेण्यासाठी एक बारीक वाट असते. ती कापसाच्या तंतूंनी आणि तेलकट धुळीने बुजली होती. डिझेल खर्च होई तशी टाकीत पोकळी तयार होई आणि पंपाला डिझेल ओढता येईना. गाडी उभी राहिली की हळूहळू हवा शिरे आणि ती पुन्हा चालू होई. रिकाम्या गाडीला डिझेल कमी लागते, म्हणून दोन किलोमीटरच्या फेरीत काहीच दिसले नाही. झाकण धुतले, वाट मोकळी केली. खर्च शून्य.

मिस्त्रीवर राग काढण्यात अर्थ नाही. चूक आमची होती. आम्ही कृषी पदवीधर. पऱ्हाटीचे पान लाल पडले की लगेच औषधाच्या दुकानात धावू नका, असे आम्हीच गावोगाव सांगतो. आधी पान उलटून तुडतुडे पाहा, नत्र आणि मॅग्नेशियम कमी पडले का ते तपासा, रात्रीची थंडी वाढली का ते पाहा. लाली एकच, कारणे अनेक. इंजिनाच्या बाबतीत मात्र आम्ही एकही प्रश्न विचारला नाही.

म्हणून मंडळी, प्रश्न कोणत्या क्रमाने विचारायचे ते लक्षात ठेवा. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवेला सुमारे १५ ते २२ पट दाबतो, त्या दाबाने ती ५०० अंशांच्या वर तापते आणि त्यात डिझेलचा फवारा पडला की पेट घेतो. याचा अर्थ इंजिनाला तीन गोष्टी लागतात : स्वच्छ हवा, पुरता दाब आणि वेळेवर डिझेल. यातले काय कमी पडले, एवढेच शोधायचे.

पहिला प्रश्न : सेल मारल्यावर इंजिन जोरात फिरते का? कुंथत फिरत असेल तर आधी बॅटरीची टर्मिनले पाहा. पांढरा-हिरवा थर आला असेल तर कोमट पाण्याने धुऊन, घासून, घट्ट बसवा. बॉडीला जोडलेली अर्थची वायरही पाहा. उभ्या गाडीची भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. १२.२ म्हणजे निम्मी उतरली. एक साधा मीटर गटात असू द्या.

दुसरा प्रश्न : इंजिन जोरात फिरते पण चालू होत नाही, तेव्हा सायलेन्सरमधून धूर येतो का? धूर अजिबात नसेल तर डिझेल पोचतच नाही. टाकीपासून निघा. झाकण, नळी, फिल्टर. फिल्टरखालचा स्क्रू सैल करून थोडे डिझेल काचेच्या बाटलीत घ्या. पाणी असेल तर खाली बसलेले दिसेल. टाकी ते पंप या नळीला चीर असेल तर बऱ्याचदा बाहेर थेंबही गळत नाही, कारण तिथे ओढ असते. डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. मध्ये पारदर्शक नळीचा तुकडा बसवा, बुडबुडे दिसतील. हवा कशी काढायची हे विहिरीवर डिझेल इंजिन चालवलेल्या माणसाला शिकवायला नको. पांढरा धूर येत असूनही पेट घेत नसेल तर डिझेल पोचते आहे, पण दाब किंवा उष्णता कमी पडते आहे.

तिसरा प्रश्न : चालत्या गाडीचा धूर कोणत्या रंगाचा? काळा म्हणजे डिझेल जास्त, हवा कमी. आधी एअर फिल्टर काढून पाहा. कापसाच्या हंगामात तो गादीसारखा भरतो. मग नोझल, आणि आपण भरलेला जास्तीचा मालही. निळा म्हणजे ऑइल जळते आहे, तिथे रिंगांचा किंवा व्हॉल्व्हच्या सीलचा संशय घ्या. थंडीत सकाळी पांढरा धूर येऊन गेला तर घाबरू नका. पण गरम गाडीतून तो येत राहिला आणि रेडिएटरचे पाणीही कमी होत असेल तर हेड गॅसकेटकडे बोट जाते. ऑइलची पट्टी ओढून पाहा. ऑइल दुधाळ दिसले तर त्यात पाणी मिसळले आहे. गाडी तिथेच बंद करा, ओढून न्या.

चौथा प्रश्न : गाडी गरम होते का? रेडिएटरच्या जाळीत कापूस आणि कचरा अडकतो. तो इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या बाजूला पाणी मारून काढा, धार हलकी ठेवा. फॅन बेल्ट पाहा. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नका, माणसे भाजली आहेत. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका, हेड तडकते.

एक इशारा. जुन्या यांत्रिक पंपाच्या गाडीत मिस्त्री एकेका नोझलची नळी सैल करून कोणता सिलिंडर काम करत नाही ते शोधतो. हे नव्या गाडीत कधीही करू नका. २०१७ पासून देशभर बीएस-चार आणि २०२० पासून बीएस-सहा लागू झाल्यावर आलेल्या डिझेल पिकअपमध्ये कॉमन रेल आहे. तिथला दाब हजार बारच्या पुढे असतो. ती धार कातडी फोडून आत शिरते. जुन्या गाडीतही नोझलच्या धारेसमोर हात धरू नका.

एवढे पाहूनही काही सापडले नाही तर मिस्त्रीकडे जरूर जा. त्याच्या हातात कसब आहे. पण जाताना सांगायला काहीतरी घेऊन जा : “माल भरल्यावर बंद पडते, पंधरा मिनिटांनी चालू होते, धूर नाही, फिल्टर नवा आहे.” आणि त्याने हेड उघडायचे म्हटले तर एवढेच विचारा, “कॉम्प्रेशन मोजले का?” चारही सिलिंडरचा दाब गेजवर दिसतो. तो आकडा न पाहता इंजिन खोलू देणे म्हणजे काटा न पाहता कापूस मोजून देणे.

हिशेब साधा आहे. त्या साडेअठरा हजारांत काही घरांचा गव्हाच्या खताचा खर्च निघाला असता. आमच्या गटाने तेव्हापासून प्रत्येक गाडीची एक वही ठेवली आहे. ऑइल कधी बदलले, फिल्टर कधी, कुठे बंद पडली, तेव्हा धूर कसला होता, माल किती होता. आपापल्या तालुक्यात अशी वही ठेवा, आणि मायबहिणींनाही तिथे बसवा. फवारणीचा पंप जिच्या पाठीवर असतो तिला टाकीचे दुखणे आमच्याआधी कळते, हे आम्ही पैसे मोजून शिकलो आहोत.

बाकीचे बोलून होणार नाही. जेवण झाले की ती ढकललेली पिकअप कडुलिंबाखाली आणा. मालकाने घाबरू नये, पाना आम्ही खिशातच ठेवू. आधी प्रश्न विचारू.